गावाचे नाव आणि रस्त्याचा दुवा : शिरूर–दौंड परिसराच्या वाहतूक-प्रतिमानातील एक प्रश्न

प्रादेशिक वाहतुकीचे नियोजन हा स्थापत्य अभियंते आणि भूगोलज्ञ ह्यांच्या अभ्यासाचा विषय होय, असे सामान्यतः मानले जाते, आणि ते यथार्थही आहे. रस्त्याची रुंदी, पुलाची वहनक्षमता, वाहनांची गणती ह्या गोष्टींत भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालण्याचे वरवर पाहता काही प्रयोजन नाही. तथापि संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणाली (व्यवहारात तिला ‘जी.आय.एस.’ ह्या आद्याक्षरांनीच ओळखतात) नियोजनाच्या कामात आल्यापासून एक असा प्रश्न पुढे आला आहे की, जो अभियांत्रिकीत सुटत नाही आणि भूगोलातही पुरता सुटत नाही. कोष्टकातील गाव आणि नकाशावरील गाव ही एकच होत, हे कशावरून ठरवावयाचे? पुष्कळदा ते नावावरून ठरविले जाते. आणि नाव ही भाषेची वस्तू आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड ह्या शेजारच्या दोन तालुक्यांचे उदाहरण घेऊन ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम प्रणालीचे स्वरूप पाहू. छापील नकाशात नदी, रस्ता, गाव आणि सीमा ही सर्व एकाच कागदावर असतात. भौगोलिक माहिती प्रणालीत प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा स्वतंत्र थर असतो. थरातील प्रत्येक वस्तूला अक्षांश-रेखांशांनी ठरलेले स्थान असते आणि त्या वस्तूच्या मागे कोष्टकातील एक ओळ बांधलेली असते. गावाच्या बिंदूमागे लोकसंख्या, रस्त्याच्या रेषेमागे लांबी, रुंदी, पृष्ठभागाचा प्रकार, अशी ही बांधणी होय. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात जमिनीच्या वापराची पाहणी करण्यासाठी अशी प्रणाली उभी केली. वाहतुकीचे प्रतिमान तिच्याहून थोडे जुने आहे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या शिकागो महानगर-क्षेत्राच्या वाहतूक-पाहणीत जी पद्धत रूढ झाली, तीत चार पायऱ्या मानतात. कोणत्या विभागातून किती प्रवास निघतात, ते कोणत्या विभागाकडे जातात, कोणत्या साधनाने जातात आणि कोणत्या मार्गाने जातात, ह्या प्रश्नांची उत्तरे ह्याच क्रमाने काढावयाची असतात. शेवटच्या पायरीस लागणारी, जाळ्यातून सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत डाइक्स्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. ह्या दोन विद्यांचा पुढे संयोग झाला. आज प्रतिमानास लागणारे विभाग, जाळे आणि अंतरे बहुतांशी भौगोलिक माहिती प्रणालीतूनच घेतली जातात. त्यामुळे प्रणालीतील दोषही मुकाट्याने प्रतिमानात उतरतात.

महाराष्ट्राला नकाशावरून रस्ते ठरविण्याची परंपरा नवी नाही. १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशासाठी रस्त्यांची जी योजना आखली, तीत राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग अशी प्रतवारी केली होती, आणि सुपीक शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून अधिक दूर राहू नये असे उद्दिष्ट ठेवले होते. उद्दिष्ट उदार होते. मात्र नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले ५ मैल आणि बैलगाडीने वा सायकलीने तोडावयाचे ५ मैल ह्यांत नदी आडवी आली की महदंतर पडते. आणि शिरूर–दौंड ह्या प्रदेशाचे वैशिष्ट्य हेच की येथे नदी आडवी येते.

शिरूर हे घोड नदीच्या काठी वसले आहे. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे ‘घोडनदी’ हेच नाव होते. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा मार्ग शिक्रापूर, रांजणगाव गणपती आणि शिरूर असा जातो. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर अशी धावली ती ह्याच मार्गावर. शिरूर तालुक्यात लोहमार्ग नाही. उलट दौंड हे मुख्यतः लोहमार्गाचे गाव होय. पुणे–सोलापूर मार्गाला मनमाडकडून येणारा मार्ग येथे मिळतो. तो मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ अशा क्रमाने पुणे–सोलापूर महामार्ग दौंड तालुक्यातून जातो. म्हणजे शिरूरचा महामार्ग उत्तरेस, दौंडचा महामार्ग व लोहमार्ग दक्षिणेस, आणि दोहोंच्या मधून भीमा वाहते. मुळा-मुठेचा प्रवाह रांजणगाव सांडस आणि वाळकी ह्या गावांजवळ भीमेस मिळतो. तेथून पुढे बऱ्याच अंतरापर्यंत भीमा हीच दोन तालुक्यांची सीमा आहे.

अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला तर शिरूर आणि दौंड ह्या दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरते. ह्या अंतराने कोणी प्रवास करीत नाही. शिरूरकर न्हावऱ्यावरून पारगावजवळ भीमा ओलांडून चौफुल्याला येतो व तेथून पूर्वेकडे वळतो, किंवा न्हावऱ्याहून इनामगावमार्गे घोड ओलांडून काष्टीस जातो आणि तेथून भीमा ओलांडून दौंड गाठतो. शहरांच्या बाबतीत हा फरक फारसा बोचत नाही, कारण अंतरच मोठे आहे. तो बोचतो तो समोरासमोरच्या काठांवरील खेड्यांच्या बाबतीत. प्रतिमानाच्या दुसऱ्या पायरीस पुष्कळदा गुरुत्वाचा नियम वापरतात. दोन विभागांमधील प्रवास त्यांच्या आकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या एखाद्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतात, असे त्यात मानलेले असते. समजा, समोरासमोरची दोन गावे सरळ रेषेत १ किलोमीटरवर आहेत, पण पुलाच्या फेऱ्याने त्यांतील वाट ८ किलोमीटरांची होते. अंतराचा वर्ग घेतला, तर सरळ रेषेने चालणारे प्रतिमान ह्या दोन गावांत खऱ्याच्या ६४ पट प्रवास दाखवील. मग त्या काल्पनिक प्रवासांच्या आधारावर कोठेतरी रुंदीकरण सुचविले जाईल, आणि जो पूल खरोखर हवा आहे तो मात्र, लोक आधीच ये-जा करीत आहेत असे दिसल्यामुळे, सुचविला जाणार नाही.

ऑयलरने १७३६ मध्ये केनिग्जबर्गच्या सात पुलांविषयी जो निबंध लिहिला, त्यातील मर्म हेच होते की अशा प्रश्नांत लांबी-रुंदीला महत्त्व नसून कोणता भूभाग कोणत्या भूभागाशी जोडलेला आहे ह्यालाच महत्त्व असते. मराठी भाषेने हे मर्म आपल्या परीने टिपून ठेवले आहे. दौंड तालुका पूर्वी ज्या तालुक्यात मोडत असे त्याचे नावच ‘भीमथडी’, म्हणजे भीमेचा काठ, असे होते. मुळा-मुठा आणि भीमा ह्यांच्या मधल्या पट्ट्याला आजही ‘राहू बेट’ म्हणतात. शिरूर तालुक्याच्या उत्तर भागात कुकडी आणि घोड ह्यांच्या मधल्या गावांचाही ‘बेट भाग’ म्हणूनच उल्लेख होतो. कोशातील ‘बेट’ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले असते; हे प्रदेश तसे नाहीत. पण जेथून बाहेर पडावयास दोन बाजूंना नाव किंवा पूल लागतो, त्या भूमीस बेट म्हणणे हे वाहतुकीच्या दृष्टीने अगदी नेमके वर्णन आहे. विभाग आखणाऱ्याने तालुक्याची सीमा किंवा चौरसांची जाळी घेण्याऐवजी ही लोकांची विभागणी घेतली तर तो फारसा चुकणार नाही.

जाळ्यातील दुवा चुकण्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांपैकी तीन ह्या प्रदेशात विशेष दिसावेत असे आहेत. पहिला प्रकार केंद्रबिंदूच्या जोडणीचा. प्रतिमानात प्रत्येक विभागाची सर्व वस्ती एका बिंदूत एकवटली आहे असे मानून तो बिंदू जवळच्या रस्त्याला एका मानीव दुव्याने जोडतात. हे काम यंत्रावर सोपविले म्हणजे यंत्र सर्वांत जवळचा रस्ता निवडते. तो नदीपलीकडचा असला तरी यंत्रास त्याची खंत नसते. शिरूरकडील काठावरचे गाव मग दौंडकडील रस्त्याला टांगले जाते, आणि कोणताही पूल न बांधता भीमा ओलांडली जाते. जुन्या स्थलदर्शक नकाशांवरून रेषा घेतल्या असतील तर हा धोका वाढतो. शिरूर आणि दौंड ही दोन्ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ‘४७ जे’ ह्या अंश-पत्रकात येतात. त्या जुन्या नकाशांचा आधार एव्हरेस्टचा गोलाभ हा होता. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचा आधार निराळा आहे. एका आधारावरील बिंदू रूपांतर न करता दुसऱ्यावर ठेवला तर तो शंभर मीटरच्या आसपास सरकू शकतो. माळरानावरच्या गावाला ह्याने काही होत नाही. काठावरच्या गावाला मात्र पात्रात उतरावे लागते.

दुसरा प्रकार ह्याच्या उलट आहे. दुवा प्रत्यक्षात असतो, पण जाळ्यात नसतो. भीमेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. ते पाणी अडविण्यासाठी बांधलेले असल्यामुळे त्यांची नोंद पाटबंधाऱ्यांच्या थरात होते, रस्त्यांच्या थरात होत नाही. पण शेतकरी, शाळेची मुले आणि दूधवाले ह्यांना थरांचे ज्ञान नसते. बंधाऱ्याच्या माथ्यावरून जाता येते एवढेच ते जाणतात. पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्याचे बरगे काढतात आणि पुराचे पाणी माथ्यावरून गेले की ती वाट बंद होते. पाऊस सरल्यावर ती पुन्हा सुरू होते. ह्या प्रदेशाला एकच जाळे पुरत नाही, पावसाळ्याचे एक आणि उघाडीचे एक अशी दोन लागतात, असे म्हणावयास हरकत नाही. उसाच्या गाड्यांची वर्दळ गळिताच्या हंगामात, म्हणजे नेमकी उघाडीच्या महिन्यांत असते. तेव्हा वार्षिक सरासरीचे एकच प्रतिमान केले तर ते वर्षातील कोणत्याच महिन्याचे खरे चित्र ठरत नाही.

तिसरा प्रकार सीमेवर कात्री चालविण्याचा. माहिती जिल्हावार मिळते, म्हणून अभ्यासक्षेत्रही जिल्ह्याच्या सीमेवर कापण्याचा मोह होतो. तसे केले की न्हावरे–इनामगाव–काष्टी–दौंड ही वाट मधोमध तुटते, कारण काष्टी श्रीगोंदे तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. उजनीच्या जलाशयाकडील भागात आणखी एक सावधगिरी हवी. धरणापूर्वीच्या नकाशांवर भीमेकाठी दिसणाऱ्या वाटांपैकी काही आज पाण्याखाली आहेत.

आता नावांकडे वळू. प्रणालीतील गावांचा थर एका खात्याकडून येतो, लोकसंख्या जनगणनेतून, कामगारांची संख्या औद्योगिक नोंदींतून, गाड्यांच्या फेऱ्या परिवहनाच्या वेळापत्रकातून, विद्यार्थ्यांची संख्या शिक्षणखात्याकडून. ही कोष्टके एकमेकांस जोडावयाची तर दोहोंत समान असा एक रकाना लागतो. सर्वांत सुलभ रकाना म्हणजे गावाचे नाव. घोटाळ्याचे मूळ ह्या सुलभतेत आहे.

शिरूर तालुक्यात रांजणगावे दोन आहेत. रांजणगाव गणपती हे महामार्गावरील गाव अष्टविनायकांपैकी एक क्षेत्र असून त्याच्या परिसरात मोठी औद्योगिक वसाहत आहे. हजारोंचे प्रवास त्याच्याकडे ओढले जातात. रांजणगाव सांडस हे तालुक्याच्या दक्षिण टोकास, संगमाजवळचे शेतीचे गाव होय. औद्योगिक नोंदीत केवळ ‘रांजणगाव’ असे लिहिलेले असले (तसे ते बहुधा असावयाचेच, कारण लिहिणाराच्या मनात दुसरे रांजणगाव नसते) आणि जोडणीत ती ओळ सांडसला चिकटली, तर सकाळच्या पाळीचे सर्व कामगार भीमेकाठी उतरतील. ही चूक निदान मोठी असल्यामुळे कोणाच्या तरी ध्यानात येईल. गणेगाव खालसा आणि गणेगाव दुमाला, बाभूळसर बुद्रुक आणि बाभूळसर खुर्द, पिंपळे खालसा आणि पिंपळे जगताप ह्या जोड्याही शिरूर तालुक्यातच आहेत. तेथील चुका लहान असल्यामुळे त्या सापडण्याचा संभव कमी. दौंड तालुक्यात बोरीपारधी, बोरीभडक आणि बोरीऐंदी अशा तीन बोरी आहेत. मलठण तर दोन्ही तालुक्यांत आहे. एक शिरूरच्या वायव्येस, दुसरे दौंडच्या पूर्व भागात भीमेच्या बाजूस. दोन तालुक्यांचे संयुक्त प्रतिमान करणाऱ्याने तालुक्याचा रकाना न ठेवता नावाने जोडणी केली तर दोन्ही मलठणांना दोघांचीही लोकसंख्या मिळेल, किंवा एकास सर्व आणि दुसऱ्यास शून्य.

ह्या नावांतील दुसरे पद भाषेच्या व इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ‘बुद्रुक’ हे फार्सी ‘बुजुर्ग’चे मराठी रूप, अर्थात थोरले, ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. ‘खालसा’ गावाचा वसूल सरकारात जमा होई, ‘दुमाला’ गावाचा वसूल इनामदाराकडे लावून दिलेला असे. ‘जगताप’, ‘ढमढेरे’ ही घराण्यांची नावे. मराठी ग्रामनामांत पहिले पद बहुधा झाडावरून, भूरूपावरून वा देवतेवरून येते आणि म्हणून ते मुलूखभर पुन्हा पुन्हा आढळते. गाव ओळखण्याचे काम खरोखर दुसरे पद करते. तळेगाव म्हटल्याने काहीच कळत नाही. तळेगाव ढमढेरे शिरूर तालुक्यात आणि तळेगाव दाभाडे मावळात. असे असता संगणकाची कोष्टके ‘स्वच्छ’ करणारे लोक प्रथम काय करतात, तर ‘बु.’, ‘खु.’ अशी आखूड पदे कचरा समजून काढून टाकतात. एका फटक्यात शेकडो वर्षांच्या महसुली विवेकावर पाणी पडते.

नावांचे शब्दलेखन हा ह्याहून नाजूक भाग आहे. वर ‘न्हावऱ्याहून’, ‘न्हावऱ्यावरून’ अशी रूपे आली. ह्या गावाचे मूळ नाव काय? पाट्यांवर आणि कागदोपत्री ‘न्हावरा’ आणि ‘न्हावरे’ अशी दोन्ही रूपे दिसतात. त्याचे कारण लिहिणाऱ्यांचा गलथानपणा नसून मराठीचे व्याकरण हे आहे. आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप ‘या’कारान्त होते (घोडा, घोड्याला), एकारान्त नपुंसकलिंगी नामाचेही तसेच होते (केळे, केळ्याला). स्थलनाम बोलण्यात बहुधा विभक्तीसह येते. माणसे गावाला जातात, गावाहून येतात, गावात राहतात. नुसते प्रथमेतील नाव उच्चारण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे. त्यामुळे ‘न्हावऱ्या-’ हे अंग सर्वांच्या कानांवर पक्के असते आणि त्यावरून उलट मूळ रूप काढताना कोणी आकार लावतो, कोणी एकार. श्रीगोंदे व श्रीगोंदा ह्यांतील द्वैतही ह्याच जातीचे. ग्रामस्थांच्या दृष्टीने येथे काहीच संदिग्धता नाही, कारण ‘न्हावऱ्याला’ म्हणताना ती उरतच नाही. संगणकाला मात्र ‘न्हावरा’ आणि ‘न्हावरे’ ही दोन निराळी गावे वाटतात.

मराठी नावे रोमी लिपीतून फिरून आली म्हणजे परिस्थिती आणखी बिघडते. रोमी लिपीच्या सर्वसाधारण वापरात द आणि ड, त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ हे भेद नाहीसे होतात. ऱ्हस्व-दीर्घही टिकत नाही. ‘मलठण’ रोमीत जाऊन परत येईपर्यंत ‘मालथान’ होते, ‘वाळकी’ची ‘वालकी’ होते. दौंडला इंग्रजी अमदानीतील रेल्वेच्या कागदांत ‘धोंड’ असे वाचले जाईल अशा तऱ्हेने लिहीत. मनमाडच्या जुन्या मार्गाचे नावही त्याच वर्णांनी लिहिलेले आढळते. ह्यावर यांत्रिक उपाय नाहीत असे नाही. नावांचे ध्वनिसाम्याने गट पाडण्याची एक पद्धत अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट झाली होती. दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजण्याची रीत रशियन गणितज्ञ लेव्हेनश्टाइन ह्यांनी १९६५ मध्ये मांडली, आणि ती आज सर्रास वापरतात. पण पहिली पद्धत इंग्रजी वळणाच्या आडनावांसाठी घडविलेली आहे, आणि दुसरीला कोणते अक्षर अर्थभेदक आहे हे कळत नाही. ‘पिंपळे’ आणि ‘पिंपळी’ ह्यांत एका मात्रेचा फरक असून गावे निराळी असू शकतात. ‘घोडनदी’ आणि ‘शिरूर’ ह्यांत एकही अक्षर समान नसून गाव एकच आहे. शिवाय नुसत्या ‘शिरूर’ने बीड जिल्ह्यातील शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ ही तालुक्यांची ठिकाणेही पुढे उभी राहतात. मराठीसाठी अशी पद्धत घडवावयाची झाली तर सामान्यरूपाचा नियम आणि ग्रामनामांतील उत्तरपदांची यादी तीत घालावी लागेल. हे काम भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे, आणि ते अभियंत्याने करावे अशी अपेक्षा धरणे रास्त नव्हे.

येथे असा आक्षेप येईल की नावांच्या भानगडीत पडावेच कशाला. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक महसुली गावाला सांकेतिक क्रमांक दिला आहे, तो वापरला की काम झाले. हा आक्षेप बराचसा खरा आहे. क्रमांकाला विभक्ती लागत नाही, आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तशी नावे बदलली तरी क्रमांकाला त्याची झळ लागण्याचे कारण नाही. परंतु क्रमांक असतो तो महसुली गावाला. आणि माणसे राहतात वाड्यांत, वस्त्यांत, मळ्यांत. बागायती मुलखात शेतकरी गावठाण सोडून शेतावर राहावयास जातो, ही गोष्ट भीमेच्या दोन्ही काठांवर दिसते.

हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा मुद्दा नाही. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत रस्ता मिळण्याचे एकक महसुली गाव हे नसून वस्ती हे आहे. सपाट प्रदेशात ५०० लोकसंख्येची, बारमाही रस्त्यापासून निदान ५०० मीटर दूर असलेली वस्ती पात्र ठरते. आणि ५०० मीटरांच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेचीच धरली आहे. आता असे समजा की, एक वस्ती ३०० लोकांची आणि तिच्याजवळची दुसरी २५० लोकांची आहे. एकत्र धरल्यास त्या पात्र ठरतात, निराळ्या धरल्यास दोन्ही वगळल्या जातात. त्या दोन वस्त्या दोन महसुली गावांच्या हद्दींत असतील, किंवा एकीची नोंद आडनावावरून ‘अमुक वस्ती’ आणि दुसऱ्या कागदात ओढ्यावरून ‘तमुक मळा’ अशी झाली असेल, तर त्या एकत्र धरावयाच्या आहेत हे कळणार कोणाला? जनगणनेचे प्रकाशित आकडे महसुली गावाचे असतात. ते वस्त्यांवर वाटण्यासाठी वस्त्यांची यादी लागते, आणि ती यादी म्हणजे पुन्हा नावेच.

वस्तीला क्रमांक नाही, तसा तो गाठीलाही नाही. ‘गाठ’ म्हणजे जाळ्यात जेथे रस्ते एकत्र येतात तो बिंदू. पुणे–सोलापूर मार्गावरील चौफुला हे बोरीपारधीच्या हद्दीतील ठिकाण आहे. चार वाटा जेथे फुटतात तो ‘चौफुला’. नावातच जाळ्याची व्याख्या आहे. प्रवासी, वाहनचालक व वाहक चौफुल्याला ओळखतात, बोरीपारधीला क्वचितच. म्हणून वाहनांच्या मोजणीचे कोष्टक चौफुल्याच्या नावे येते आणि लोकसंख्येचे बोरीपारधीच्या. दोन्ही बरोबर असून जोडणीत त्यांची गाठ पडत नाही.

अशा परिस्थितीत ह्या दोन तालुक्यांसाठी एक नामसूची तयार करणे हे प्रतिमानाच्या आधीचे काम ठरते. सूचीत प्रत्येक ठिकाणासाठी महसुली क्रमांक, तालुका, प्रथमेतील सर्व लिखित रूपे, सामान्यरूपाचे अंग, जुनी व रोमी रूपे, आणि ते ठिकाण गावठाण आहे, वाडी आहे की गाठ आहे ह्याची नोंद असावी. रूपे गोळा करण्यासाठी कार्यालयांतील याद्यांवर विसंबून चालणार नाही. शिरूर व दौंड येथील आगारांच्या फलकांवरील नावे, शाळांच्या पाट्या आणि प्रत्यक्ष बोलणे ही साधनेही घ्यावी लागतील. पारगावचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. ह्या नावाची गावे इतरत्रही असल्यामुळे दौंड तालुक्यातील पारगावाला ‘सालू मालू’ ही जोड लागली आहे आणि लिहिताना तिची केवळ आद्याक्षरे उरतात. नदीकाठचे गाव म्हणून ‘पार’ ह्याचा अर्थ पैलतीर असा करावा हे मनाला पटते. पण वडाभोवतीच्या ओट्यालाही पारच म्हणतात, तेव्हा नुसत्या व्युत्पत्तीवरून तेथे पूर्वी उतार होता असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

सूचीत दुव्यांनाही स्थान द्यावयास हवे, आणि येथे मराठीची एक लकब यंत्राला हटकून फसविते. रस्त्याचा फाटा ज्या गावात असतो त्याच्या नावाने ओळखला जात नाही. तो ज्या गावाकडे नेतो त्याच्या नावाने ओळखला जातो. न्हावरा फाटा पुणे–अहिल्यानगर महामार्गावर शिरूरजवळ आहे, न्हावऱ्यात नव्हे. किंबहुना न्हावऱ्यात न्हावरा फाटा असणे मराठीत शक्यच नाही. दौंड शहरात लोहमार्गाखालून जाणाऱ्या वाटेस ‘कुरकुंभ मोरी’ म्हणतात, कारण ती कुरकुंभच्या रस्त्यावर आहे. कुरकुंभ तेथून बरेच दूर, महामार्गावर आहे. नावावरून स्थान शोधणारे यंत्र ही मोरी कुरकुंभात नेऊन ठेवील, आणि ‘मोरी’ हा शब्द पाहून तिची नोंद पाणी वाहून नेणाऱ्या बांधकामात करील. तसे झाले की जाळ्यात दौंडच्या लोहमार्गाखालून जाणारा तो दुवा राहणार नाही, आणि रुळांच्या दोन बाजूंची वस्ती प्रतिमानाच्या लेखी तेथे एकमेकींपासून तुटलेली दिसेल.